८२ टक्के हजेरी आणि अकरा बेस्तरवार

नववी ब, हजेरी क्रमांक २७. जून ते डिसेंबर कामाचे दिवस १३२, हजर १०८, खाडे २४. हजेरी ८२ टक्के. डिसेंबरअखेरच्या बैठकीत पर्यवेक्षकांसमोर ७५ टक्क्यांखालच्या मुलांची यादी आली, त्यात २७ नव्हता. मात्र त्याच आठवड्यात विज्ञानाच्या शिक्षकांनी प्रात्यक्षिकाच्या वह्या मागवल्या, तेव्हा याची वही सप्टेंबरपासून कोरी निघाली. बीजगणिताच्या चाचणीत २० पैकी ४ गुण. वर्गशिक्षिकेचं म्हणणं, ‘मुलगा तसा नियमित आहे.’ गणिताच्या सरांचं म्हणणं, ‘मी शिकवतो तेव्हा हा वर्गात नसतोच.’ दोघांचंही खरं होतं.

प्रकरण नमुन्याचं आहे. करवीर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या अनुदानित माध्यमिक शाळांत जे वारंवार दिसतं, ते एका मुलावर आणि एका हजेरीपटावर बसवलं आहे. आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. शाळा मोठ्या गावात, मुलगा नदीपलीकडच्या वाडीतला. अंतर ४ किलोमीटर, मध्ये बंधारा. घरी दोन म्हशी, तीस गुंठे जमीन. त्यात निम्मा ऊस, उरलेल्यात भाजीपाला. वडील हंगामात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर.

७५ चा आकडा

दहावीच्या मंडळाच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणासारख्या कारणानं कमी पडली तर सवलत मिळू शकते, पण त्यासाठी मुख्याध्यापकांची शिफारस आणि कागद लागतात. हा नियम परीक्षेच्या दारावरचा आहे. शाळांनी मात्र तो आठवी-नववीच्या वर्गातही आणून ठेवला आणि ७५ च्या वर असलेलं पोर ‘नियमित’ ठरू लागलं.

हिशेब करून बघावा. वर्षाला साधारण २२० दिवस शाळा भरते. ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस, म्हणजे ५५ खाडे चालतात. ५५ दिवस म्हणजे सव्वादोन महिन्यांची शाळा. एवढी शाळा बुडवून कुठलंच पोर नववीचं गणित उचलत नाही, हे गणित शिकवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. बऱ्याच देशांत १० टक्के दिवस बुडाले की मूल धोक्यात धरतात. आपल्या वर्षात ते २२ दिवस होतात, महिन्याला जेमतेम दोन. २७ नं ती रेघ डिसेंबरातच ओलांडली होती.

त्यापेक्षा मोठी अडचण अशी की, टक्केवारी खाडे मोजते, ते कुठे पडले हे सांगत नाही. २४ खाडे फोडले की असे दिसतात: जुलैत सलग ६, ऑगस्टात तापाचे २, डिसेंबरात सलग ३, दिवाळीच्या सुट्टीला जोडून २. उरले ११, सगळे सुटे.

जुलैचे सहा समजायला सोपे आहेत. बंधारा पाण्याखाली गेला, एस.टी. बंद झाली, वाडीतली सगळी पोरं एकाच दिवशी थांबली आणि एकाच दिवशी परतली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. बातम्या त्या आकड्यांच्या असतात. पण वरच्या बाजूचे लहान बंधारे त्याच्या कितीतरी आधी बुडतात आणि गावं तुटतात. शाळा तेव्हा चालूच असते, सुट्टी जाहीर झालेली नसते, म्हणून पटावर ‘ग’ पडतो. असे खाडे वर्गशिक्षकानं वेगळ्या शाईनं लिहावेत. तिथे पोराला किंवा पालकाला बोलून उपयोग नाही. पाणी उतरल्यावर त्या वाडीच्या पोरांना एकत्र बसवून बुडालेला भाग घ्यायचा, एवढंच काम. डिसेंबरचे तीन खाडे घरच्या उसाला तोड आली तेव्हाचे. टोळी फडात शिरली की वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करायला घरचं माणूस लागतं. दोन म्हशींची वैरण त्यातून निघते, आणि वाडं कोणासाठी थांबत नाही.

राहिले अकरा सुटे खाडे. सगळी गोम त्यांच्यात होती.

पटावर वार नसतो

हजेरीपटाच्या डोक्यावर १ ते ३१ तारखा असतात. वार नसतो. गुरुवार, म्हणजे इकडचा बेस्तरवार, सप्टेंबरात ४, ११, १८, २५ ला आला, नोव्हेंबरात ६, १३, २०, २७ ला, डिसेंबरात पुन्हा ४, ११, १८ ला. दर महिन्याला पान नवं, रकाना दुसरा. त्यामुळे रोज हजेरी घेणाऱ्या वर्गशिक्षिकेलाही हे अकरा खाडे विखुरलेलेच दिसत होते.

उपाय दहा मिनिटांचा आहे. चौकटीच्या वहीचं एक पान घ्यायचं. आडवे सहा रकाने, सोमवार ते शनिवार. उभ्या ओळीत आठवडे. एका मुलाचे खाडे त्यात भरायचे. ६० मुलांच्या वर्गात हे सगळ्यांसाठी करायची गरज नाही. महिन्यात तीन किंवा जास्त सुटे खाडे असलेली पोरं घ्यायची, ती सात-आठ निघतात. नव्या वर्षी पट हातात आला की प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीनं सो, मं, बु, गु लिहून ठेवलं तर हे पानही लागत नाही.

२७ चं पान भरल्यावर गुरुवारचा रकाना काळा झाला. सप्टेंबर ते डिसेंबर शाळेचे गुरुवार १३, त्यातले ११ बुडाले. जे दोन भरले ते ९ आणि १६ ऑक्टोबर, म्हणजे प्रथम सत्र परीक्षेचे पेपर. हे दोन दिवस नीट लक्षात ठेवावेत, पुढची वाट त्यांनीच दाखवली.

आता गुरुवारचं वेळापत्रक. पहिला तास बीजगणित, मधल्या सुट्टीनंतर पाचवा आणि सहावा विज्ञान प्रात्यक्षिकाचा जोडतास. प्रयोगशाळा लहान म्हणून वर्गाचे दोन गट केलेले, पहिला मंगळवारी, दुसरा गुरुवारी. २७ दुसऱ्या गटात. आठ तासांच्या हिशेबानं अकरा दिवसांचे ८८ तास गेले, पण ते सगळ्या विषयांत सारखे गेले नाहीत. परीक्षेच्या दिवसांत प्रयोग नसतातच. म्हणजे जे अकरा जोडतास झाले ते अकराही बुडाले. एकूण हजेरी ८२ टक्के, प्रात्यक्षिकाची सप्टेंबरपासून शून्य.

यातून पोराचं काय गेलं ते जवळून बघण्यासारखं आहे. नववीच्या विज्ञानात विद्युतधारेचं प्रकरण आहे, त्यात ओहमचा नियम. परिपथाची आकृती कोणीही मित्राच्या वहीतून उतरवतो, २७ नंही उतरवली होती. जानेवारीत त्याच्यासमोर सेल, रोधक, वायरी, अॅमीटर आणि व्होल्टमीटर ठेवून जोडणी करायला सांगितली. त्यानं दोन्ही मीटर रोधकाच्या दोन टोकांना समांतर लावले. आकृतीत दोन्ही गोल सारखेच दिसतात, आत फक्त अक्षर वेगळं. अॅमीटरमधून पूर्ण धारा गेली पाहिजे म्हणून तो एकसरीत येतो, हे वायर हातात धरून एकदा चुकल्याशिवाय डोक्यात बसत नाही. शिवाय अॅमीटरचा स्वतःचा रोध अगदी कमी, समांतर लावला की काटा एका टोकाला जाऊन आपटतो आणि उपकरण जाण्याची भीती. वही पूर्ण करून घेणं हा शाळांचा लाडका उपाय आहे. तो इथे कुचकामी ठरतो.

नववीतलं हे भोक दहावीत मोठं होतं. विद्युतधारा कच्ची राहिली की दहावीचं ‘विद्युतधारेचे परिणाम’ अडतं. प्रकाशाचं परावर्तन हुकलं की पुढे अपवर्तन आणि भिंगं कठीण जातात. गणितात बहुपदीमधला अवयव सिद्धांत आणि संश्लेषक भागाकार गेला की वर्गसमीकरणांत पोर नुसतं सूत्र घोकतं. गुणोत्तर व प्रमाण गेलं की भूमितीतल्या समरूपतेला पायाच राहत नाही. इतिहास-भूगोलाचा एक तास बुडाला तर पोर घरी वाचून भरून काढतं. गणिताचं तसं नाही, तिथे खालची वीट नसली की वरची बसत नाही. वर दहावीला विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे आणि गणिताच्या अंतर्गत मूल्यमापनाचे प्रत्येकी २० गुण असतात. ते वर्षभर शाळेत येऊनच मिळवायचे.

शाळेनं आधी काय करून पाहिलं

काहीच केलं नाही असं नाही. नोव्हेंबरात छापील पत्र दिलं, ‘आपला पाल्य वारंवार गैरहजर राहतो’. पत्र पाल्याच्याच हाती दिलं, ते दप्तराच्या तळाशी राहिलं. व्हॉट्सअॅपच्या गटावर संदेश टाकला. गटातला नंबर वडिलांचा, वडील ट्रॅक्टरवर, आणि संदेशाखाली आणखी तीस संदेश. मग शुक्रवारी पहिल्या तासाला वर्गाबाहेर उभं केलं. गुरुवारचा बीजगणिताचा तास बुडालाच होता, त्यानं शुक्रवारचा मराठीचाही बुडाला. खाड्याची शिक्षा म्हणून आणखी खाडा, हा प्रकार इतका सर्रास चालतो की त्यातला विनोद कोणाच्या लक्षात येत नाही.

‘का आला नाहीस?’ या प्रश्नाला तेरा-चौदा वर्षांचं पोर वर्गासमोर एकच उत्तर देतं, पोटात दुखत होतं. घरची गोष्ट चारचौघांत सांगायची नसते, हे त्याला कळतं. पटाला वेगळा प्रश्न विचारता येतो, कधीपासून? २७ चे गुरुवार सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून काळे होते, त्याआधी जुलैतला पुराचा सोडला तर एकही नव्हता. म्हणजे गौरी-गणपतीच्या सुमारास घरात काहीतरी घडलं. आणि गुरुवारच का, याचं उत्तर शेजारच्या गावच्या कोणालाही ठाऊक होतं. त्या दिवशी तिथला आठवडी बाजार भरतो.

घर

वर्गशिक्षिका घरी गेल्या त्या गुरुवारीच, सकाळी अकराला. इतर दिवशी गेलं तर कुलूप किंवा ‘शाळंला गेलाय की’ एवढंच मिळतं. ज्या दिवशी खाडा पडतो त्या दिवशी गेल्यावर कारण समोर दिसतं. सोप्यात मेथी-कोथिंबिरीच्या पेंढ्या बांधून ठेवलेल्या, पोरगं पोत्यात भरत होतं, आत खाटेवर आज्जी.

“या की बाई, बसा,” आई म्हणाली. “पोरगं कधी शाळा चुकवत न्हाई. बेस्तरवारचं तेवढं हुतंय बघा. आठवड्यातनं एकांदा दिस, त्याला काय हुतंय?”

“ताई, एखादा दिवस म्हणता, पण तो दर वेळी प्रयोगाचाच दिवस येतोय.”

“ते मला काय ठावं? मी बाजाराला गेल्यावर हिला कोण उठवणार? गणपतीत न्हाणीघरात पडली, खुबा मोडलाय. दीड-दोनला जाते ते दिवेलागणीला येते.”

आतून आज्जी म्हणाली, “माझ्यापायी पोराची शाळा बुडतीया.”

“आज्जी, तुमच्यापायी नाही,” बाई म्हणाल्या आणि मग मुख्य प्रश्न विचारला. “परीक्षेच्या दोन बेस्तरवारी कोण बसलं होतं तुमच्याजवळ?”

चुलती. शेजारच्याच दाराची. परीक्षा आहे म्हटल्यावर तिनं न मागता दोन्ही दिवस काढले होते. एरवी तिला कोणी विचारलं नव्हतं, कारण एरवीचा गुरुवार हा घराच्या लेखी साधा दिवस होता. ‘एखाद्या दिवसानं काय होतंय’ हे वाक्य बेफिकिरीचं वाटतं, पण त्या दिवशी काय शिकवतात हे शाळेनंच कधी सांगितलेलं नसतं. पालकांना टक्केवारी कळवून फार काही साधत नाही. ‘अकरा प्रयोग झाले, याचा एकही नाही’ हे आईला लगेच कळलं.

दुसरी गोष्ट तिथेच लक्षात आली. आई निघते दीड-दोनला. पोरगं मात्र सकाळपासून घरी, कारण वाडीची एस.टी. सकाळी एकदा शाळेच्या वेळेला येते आणि परत साडेपाचला. मधेच घरी यायला वाहन नाही. म्हणजे अर्ध्या दिवसाच्या कामासाठी पूर्ण दिवस जात होता.

बदल

सगळ्यात उपयोगी बदल फुकटचा होता. २७ ला प्रात्यक्षिकाच्या गुरुवारच्या गटातून मंगळवारच्या गटात टाकलं. मंगळवारी एक जागा वाढली, तिकडचा एक मुलगा इकडे घेतला. कागदावर दोन नावांची अदलाबदल, मुख्याध्यापकांची सही. सप्टेंबरात पान भरलं असतं तर सप्टेंबरातच झालं असतं.

गुरुवारी सकाळचं सत्र करायचं, असं ठरलं. चुलतभावाची सायकल त्या दिवशी मिळेल, मधल्या सुट्टीत सव्वाला निघायचं, वीस-पंचवीस मिनिटांत घरी. पहिला बीजगणिताचा तास आणि इतर तीन तास त्यानं वाचतात. जायची परवानगी रोज मागायची नाही. वर्गशिक्षिकेनं आईच्या सहीचं पत्र एकदाच घेऊन पटाला टाचून ठेवलं, दुपारच्या सत्रावर ‘ग’ आणि खाली घरच्या कारणाचं छोटं ‘घ’. एकाआड गुरुवारी चुलती बसेल, तेव्हा पूर्ण दिवस.

बुडालेला भाग सगळा भरून काढायचा नाही, हे आधीच ठरवून टाकलं. ८८ तास परत घेता येत नाहीत आणि तसा प्रयत्न केला की पोर तिसऱ्या दिवशी पळतं. निवड एकाच कसोटीवर केली, दहावीत ज्यावाचून अडेल तेवढंच. बीजगणितातून बहुपदींचा भागाकार, अवशेष सिद्धांत, अवयव सिद्धांत आणि गुणोत्तराच्या क्रिया. विज्ञानातून अकरापैकी चार प्रयोग. ओहमचा नियम त्यात पहिला, मग आम्ल-आम्लारींची ओळख, अंतर्वक्र आरशाची प्रतिमा आणि घनतेचं मोजमाप. वेळ सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रार्थनेआधी वीस मिनिटं. दूध डेअरीला घालून सकाळची एस.टी. गाठायची म्हणजे प्रार्थनेच्या आधी पंधरा मिनिटं हातात असतात. पाच मिनिटं प्रार्थनेतली घेतली, त्यावर कुरकुर झाली आणि मिटली.

चुकलं काय? पहिल्या पंधरवड्यात गणिताच्या सरांनी बुडालेल्या भागाची उदाहरणं घरून करून आणायला दिली. एकही आलं नाही. सकाळी धार, संध्याकाळी धार, रात्री वीज असेल त्या पाळीला उसाला पाणी. घरी अभ्यासाचा तास सापडत नव्हता, आणि आधी न समजलेलं घरी एकट्यानं समजण्याची शक्यता नव्हतीच. मग घरचं काम बंद करून वीस मिनिटांत वर्गातच तीन उदाहरणं, त्यातलं एक फळ्यावर त्यानं सोडवायचं.

दंड करणं आणि अडचण काढणं, कोल्हापुरात या दोन वाटांना जुनी ओळख आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या दंडाची गोष्ट सगळे सांगतात. पण वसतिगृहांचं काम त्याआधीचं, १९०१ पासूनचं. लांबच्या पोराला राहायला जागा नाही ही अडचण आधी काढायला घेतली, सक्ती नंतर आली. आजच्या शाळेतलं छापील पत्र म्हणजे दंडाचा भाऊ. गट बदलून देणं वसतिगृहाच्या जातीतलं.

त्याच वर्गाची आणखी सहा पानं भरली तेव्हा दोन वेगळे नमुने निघाले. दोन मुलांचे खाडे दर महिन्याला एस.टी.चा पास संपल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मुलींना पाचवी ते बारावी पास मोफत आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. पैसे आणि आगारात जायला माणूस, दोन्ही जमेपर्यंत दोन दिवस जातात. शाळेनं यादी करून पास संपायच्या चार दिवस आधी दाखला द्यायला सुरुवात केली. तीन मुलींचे खाडे महिन्याला दोन-दोन दिवस, वार नाही पण अंतर ठरलेलं. तिथे बाईंनी वेगळं बोलायचं आणि मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारी पाणी असतं का ते स्वतः जाऊन बघायचं. टाकी सकाळी भरत होती, मधल्या सुट्टीपर्यंत रिकामी होत होती.

जानेवारी ते मार्च २७ चे गुरुवार १२. पूर्ण दिवस ५, अर्धा दिवस ५, खाडे २. मंगळवारचं प्रात्यक्षिक एकही बुडालं नाही. चारही प्रयोग हातानं झाले, आरशाचा दोनदा करावा लागला. बीजगणितात वार्षिकला ४० पैकी १७, भूमितीत १५. वर्गात मागेच आहे, पण अवयव सिद्धांतावरचं उदाहरण त्यानं सोडवलं होतं, चिन्हाची एक चूक करून. एकूण हजेरी वर्षअखेर ८४ टक्के निघाली, म्हणजे कागदावर दोन टक्क्यांचा फरक.

दहावीच्या वर्गाचं वेळापत्रक मेच्या शेवटी लागतं. प्रात्यक्षिकाचे गट पाडण्याआधी आसपासच्या कुठल्या गावचा बाजार कोणत्या वारी, याची यादी आता शिक्षकखोलीच्या फळ्यावर आहे. आज्जी काठीनं दारापर्यंत येते, पण बेस्तरवारी अजून माणूस लागतंच, म्हणून २७ चं नाव मंगळवारच्या गटात आधीच लिहून ठेवलं आहे.